ज्वारीची काणी आणि खडखड्या: बियाण्यापासून मळणीपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमानं करायचं

दरवर्षी जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे, व्हॉट्सॲपवर कणसांचे फोटो यायला लागतात. दाण्याच्या जागी काळी पावडर निघतीय, कुठला स्प्रे घेऊ? मंगळवेढ्यातून येतात, बार्शीतून येतात, अक्कलकोटकडून येतात, आणि उत्तर प्रत्येक वेळी एकच द्यावं लागतं की आता स्प्रे घेऊन काही उपयोग नाही. काणी कणसात दिसते जानेवारीत, पण झाडात शिरलेली असते सप्टेंबर-ऑक्टोबरात, बी उगवतानाच. आणि बियाला चिकटलेली असते त्याच्याही आधी, मागच्या सुगीत, मळणीच्या वेळी.

हे नीट समजून घ्या कारण पुढचे सगळे टप्पे यावरच उभे आहेत. काणी लागलेल्या दाण्यात पिठाऐवजी काळी भुकटी असते, ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. मळणी मशीनमध्ये ते दाणे फुटतात आणि भुकटी चांगल्या दाण्यांवर बसते. दाणा बघायला पांढरा स्वच्छ, पण त्याच्या अंगावर रोग. तो पेरला की बी आणि बुरशी एकत्रच उगवतात, बुरशी झाडाबरोबर आतून वर चढते, बाहेरून झाड हिरवंगार दिसतं आणि कणीस निसवल्यावरच, म्हणजे बाहेर पडल्यावरच, कळतं. म्हणून बियावरून येणाऱ्या काणीवर हात चालतो तो दोनच ठिकाणी, पेरणीआधी बियावर आणि मळणीआधी कणसावर.

## आधी रोग ओळखा, नाहीतर भलतंच औषध आणाल

कणसात काळं दिसलं की सगळे "काणी" म्हणतात, पण तिचे चार प्रकार आहेत आणि बीजप्रक्रियेनं त्यातले दोनच थांबतात.

दाणे काणी आपल्याकडं जास्त दिसते. कणसाचा आकार तसाच राहतो, फक्त काही किंवा सगळे दाणे मळकट राखाडी, थोडे लांबुळके, टोकदार होतात, नखानं दाबलं की काळी भुकटी. मोकळी काणी असेल तर झाड बुटकं राहतं, इतरांच्या आधीच निसवतं, कणीस विस्कटल्यासारखं दिसतं आणि दाण्यावरचा पापुद्रा लवकर फुटून भुकटी उडून जाते. या दोन्ही बियावरून येतात आणि दोन्ही गंधकानं थांबतात.

लांब काणीत कणसातले थोडेच दाणे बिघडतात, पण ते लांब नळीसारखे, किंचित वाकडे, बाकीच्या दाण्यांच्या वर आलेले. ही वाऱ्यावरून पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी पानांत गुंडाळलेलं असताना, शिरते, बियावरून नाही. आणि शेंडे काणीत अख्ख्या कणसाचीच एक मोठी गाठ होते, वर पांढरट पडदा, तो फाटला की काळी भुकटी आणि मागे केसांसारख्या शिरा राहतात. ही जमिनीतून येते. गंधक लावूनसुद्धा या दोन काण्या दिसल्या तर "गंधक डुप्लिकेट होतं" असं लगेच धरू नका, त्यांच्यावर गंधकाचा इलाजच नाही, ती कणसं काढून जाळायची आणि शेंडे काणी आलेल्या रानात पुढची दोन-तीन वर्षं ज्वारी घ्यायची नाही, हरभरा करडई घ्या.

खडखड्या वेगळाच आहे. दाणा भरायच्या वेळी झाड अवेळी वाळतं, बुडख्याजवळ ताट पिचकतं आणि जरा वारा आला की आडवं पडतं. ताट चाकूनं उभं चिरून बघा, आतला गर गेलेला असतो, नुसते धागे राहतात आणि त्या धाग्यांवर कोळशाच्या पुडीसारखे बारीक काळे ठिपके.

> थांबा आणि तपासा: पानं चिकट, चकाकणारी आणि वर काजळी धरलेली असतील तर तो चिकटा आहे, म्हणजे माव्यानं सोडलेला गोड रस. काळी काजळी ही बुरशीच आहे पण ती त्या रसावर जगते, म्हणून बुरशीनाशक मारून उपयोग नाही, मावा आवरला की काजळी आपोआप थांबते. कणसातूनच मधासारखे थेंब गळत असतील तर मात्र तो अरगट, कणसावरचा दुसरा बुरशीचा रोग.

## टप्पा १: सामान आधी जमवा (ऑगस्ट अखेर)

रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. पाऊस पडून वापसा आला की पाभर दारात उभी राहते आणि मग कुणालाच दुकानात जायला वेळ नसतो, त्या घाईत बीजप्रक्रिया राहते. निम्म्या लोकांची काणी या घाईतूनच आलेली असते असं मला वाटतं.

एकरी बियाणं ४ किलो. त्याला लागणारं सामान:

- गंधक ३०० मेश, १६ ग्रॅम (किलोला ४ ग्रॅम)
- खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम ३० एफएस, ४० मिली (किलोला १० मिली)
- ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं, प्रत्येकी १०० ग्रॅम (किलोला २५ ग्रॅम)
- थोडा गूळ, झाकणाचा प्लॅस्टिक ड्रम किंवा डबा, ग्रॅमवर मोजणारा छोटा काटा, हातमोजे, मास्क, ताडपत्री

गंधकाबाबत खास सांगतो. दुकानात "सल्फर द्या" म्हटलं की तीन वेगळ्या वस्तू मिळू शकतात. एक ते खत म्हणून टाकायचं दाणेदार किंवा गोळीसारखं, दुसरं ८० टक्क्यांचं पाण्यात विरघळणारं जे भुरीवर फवारतात, आणि तिसरी अगदी मऊ पिवळी भुकटी, ३०० मेश. आपल्याला तिसरी पाहिजे. दाणेदार गंधक बियाला चिकटतच नाही, तळाशी पडून राहतं आणि तुम्ही समाधानानं पेरून येता. पुडी फोडून बोटांत चोळून बघा, पावडर टाल्कमसारखी लागली पाहिजे.

३०० मेश मिळालंच नाही तर थायरम हे बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम. पण दोन्ही लावायचं नाही.

## टप्पा २: बियाणं निवडा, पाखडा, उगवण बघा

मालदांडी, फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले अनुराधा ही सरळ वाणं आहेत, घरचं बी चालतं, दोन-तीन वर्षांनी बदला. हायब्रीडचं घरचं बी वापरू नका. जमीन बघून वाण घ्या कारण खडखड्याचा अर्धा प्रश्न इथंच ठरतो: हलक्या मुरमाड रानात फुले अनुराधा किंवा फुले माऊली, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी काळ्या रानात फुले वसुधा, फुले यशोदा. मुरमाड रानात उशिराचं वाण टाकलं की दाणा भरायच्या वेळी ओल संपते आणि खडखड्याला तेच हवं असतं.

बी पाखडून घ्या, बारीक पोचट दाणे, कणसाचे तुकडे, राखाडी रंगाचे दाणे हातानं वेचा. हे काम घरातल्या बायका डोळे झाकून करतील इतक्या सराईत असतात, फक्त त्यांना सांगा की कुठला दाणा बाजूला काढायचा आणि का.

मग १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. चार-पाच दिवसांत ७५ तरी उगवले पाहिजेत, प्रमाणित बियाण्याचाही किमान निकष तोच आहे. ६०-६५ उगवले तर बी बदला. नुसतं जास्त बी टाकून भागवलं की कुठं दाटी कुठं फट असं होतं.

> चूक: आधी औषध लावून मग उगवण बघणं. बी नापास निघालं तर औषध लावलेली ज्वारी ना खाता येते, ना जनावराला घालता येते, ना विकता येते.

## टप्पा ३: गंधक लावणं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात म्हणून सावकाश वाचा.

१. बी पूर्ण कोरडं पाहिजे. ओल्या बियावर गंधकाच्या गुठळ्या होतात.

२. बी मोजा, अंदाज नको. "पायलीभर बी आणि मूठभर पावडर" असं करणारे बरेच आहेत, मूठभर म्हणजे किती ते कुणालाच माहीत नसतं.

३. ड्रम फक्त दोन तृतीयांश भरा. काठोकाठ भरलं की बी आत फिरतच नाही, वरच्या थराला पावडर लागते आणि खालचं तसंच राहतं. मोठा ड्रम नसेल तर दोन-दोन किलोचे घाणे करा.

४. निम्मं बी, निम्मं गंधक, मग उरलेलं बी, उरलेलं गंधक. झाकण घट्ट लावून ड्रम आडवा करून ५ ते १० मिनिटं गडगडवा. पोरं आनंदानं करतात हे काम पण लहान पोरांना लावू नका, आणि तुम्हीही तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालूनच झाकण उघडा, गंधक डोळ्यांत गेलं तर फार चुरचुरतं.

५. झाकण उघडण्याआधी दोन मिनिटं थांबा, धुरळा खाली बसू द्या.

> तपासा: मूठभर बी काळ्या कापडावर पसरा. प्रत्येक दाण्यावर फिकट पिवळसर थर दिसला पाहिजे. चार दाणे पांढरेच दिसले तर परत फिरवा. ड्रमच्या तळाशी पिवळी पावडर साठली असेल तर ती बियाला लागलेली नाही असा सरळ अर्थ घ्या.

काही जण पोत्यातच बी ठेवून वरून पावडर टाकतात आणि पोतं दोनदा हलवतात. आमच्या घरीही पूर्वी असंच करायचे, आणि वर एका वर्षी बीही मळणी मशीनमधून निघालेल्या सरसकट ढिगातलंच घेतलं होतं, मशीन दुसऱ्याच्या खळ्यावरून थेट आमच्या खळ्यावर आलेलं. पुढच्या जानेवारीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत काळी कणसं. एका दुकानातून स्प्रे आणला, दोनदा मारला, एकही दाणा परत पांढरा झाला नाही. आता या गोष्टीत मी कुणाचं ऐकत नाही, ड्रम म्हणजे ड्रम.

## टप्पा ४: बाकीची प्रक्रिया, याच क्रमानं

क्रम असा: आधी बुरशीनाशक (म्हणजे गंधक), मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. उलटं केलं तर जिवाणूंवर थेट औषध पडतं आणि पाकिटाचे पैसे वाया.

गंधक लावलेल्या बियावर थायामेथोक्झाम थोडं थोडं टाकत हलक्या हातानं, मोजे घालून, खालीवर करा आणि सावलीत ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. चोळायचं नाही, चोळलं की गंधकाचा थर निघतो. हे पेरणीच्या आदल्या दिवशी करून ठेवा.

जिवाणू खत मात्र पेरणीच्या दिवशी सकाळी. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गार करा, गरम पाण्यात जिवाणू मरतात. त्यात ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी कालवून बियावर शिंपडा, बी नुसतं ओलसर झालं पाहिजे, भिजायला नको. अर्धा तास सावलीत, मग थेट पाभरीवर.

> इशारा: प्रक्रिया केलेलं बी उन्हात वाळवू नका. उरलेलं बी घरातल्या ज्वारीजवळ ठेवू नका, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. भाकरीच्या ज्वारीत चुकूनही मिसळू देऊ नका. ड्रम धुऊन फक्त याच कामाला ठेवा, त्यात परत पाणी किंवा धान्य भरू नका.

बाजरीवाल्यांसाठी. करमाळा, सांगोला, माढ्याकडं खरिपात बाजरी घेणाऱ्यांचा क्रम वेगळा आहे. बाजरीला अरगट आणि गोसावी म्हणजे केवडा, हे दोन मुख्य रोग. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवायचं, बी त्यात सोडून ढवळायचं, वर तरंगतील ते हलके दाणे आणि अरगटाच्या काळपट गाठी काढून नष्ट करायच्या. खाली बसलेलं बी स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि त्यानंतर मेटॅलॅक्सिल ३५ एसडी हे बुरशीनाशक किलोला ६ ग्रॅम लावायचं. आधी मेटॅलॅक्सिल आणि नंतर मिठाचं पाणी असं करणारे भेटलेत, औषध सगळं धुऊन जातं. अरगटाच्या गाठी कोंबड्यांनाही टाकू नका, विषारी असतात, माणसाच्या पोटात गेल्या तर मळमळ, उलट्या, चक्कर येते.

## टप्पा ५: पेरणी आणि विरळणी

दोन ओळींत ४५ सेंटिमीटर ठेवून पेरा, साधारण ५ सेंटिमीटर खोल, ओलीत. उगवल्यावर दहा-बारा दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत १५ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे एकरी ६० हजारांच्या आसपास ताटं राहतात. "कडबा जास्त होईल" म्हणून दाट ठेवली की तेवढीच ओल जास्त तोंडात वाटली जाते, आणि शेवटी खडखड्यानं आडवा पडलेला कडबा निम्म्या भावानंही कुणी उचलत नाही.

पेरणीआधी शेणखत टाकत असाल तर १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १ ते २ किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून, ओलसर ठेवून, आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवा आणि मग रानात पसरा.

## टप्पा ६: ओल राखणं, हाच खडखड्यावरचा इलाज

खडखड्याची बुरशी आपल्या बहुतेक रानांत आहेच, वर्षानुवर्षं मातीत राहते. ती जोर धरते ती झाड तहानलेलं असताना, कणीस भरताना आणि ऊन वाढताना. त्यामुळं फवारणीचा विचार सोडा आणि कोळपं हातात घ्या.

पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्यानं, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. तिसरीच सगळे टाळतात, तण नाही मग कशाला म्हणतात. ती तणासाठी नसतेच, काळ्या रानाला भेगा पडायला लागलेल्या असतात आणि त्या भेगांतून ओल उडून जाते, दातेरी कोळप्यानं माती भेगांत पडते. मंगळवेढ्याच्या भारी रानात ज्यानं तिसरी कोळपणी केली आणि ज्यानं नाही केली त्यांची ज्वारी जानेवारीत बांधावरून ओळखू येते.

विहिरीत किंवा शेततळ्यात एकाच पाण्यापुरतं पाणी असेल तर ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत असताना द्या. दोन पाणी जमत असतील तर पहिलं २८ ते ३० दिवसांनी आणि दुसरं पोटरीत. पाणी हातात नसताना नुसता युरिया वाढवू नका, पाला भरपूर येतो, तहान वाढते आणि नंतर तेच झाड आधी पडतं.

> तपासा: दाणे दुधात असताना दहा ठिकाणी ताट बुडख्याजवळ अंगठ्यानं दाबा. पिचकत असेल तर तो तुकडा वाळेपर्यंत थांबवू नका, पक्व झाल्या झाल्या आधी काढा, दाणा आणि कडबा दोन्ही हातात राहतात.

## टप्पा ७: येळवशीपासून काणीची फेरी

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, सगळं घर रानात असतंच. पूजा झाली, आंबील-भज्जी झाली की ज्वारीतून एक फेरी मारा. वेळेवर पेरलेली ज्वारी तेव्हा निसवलेली असते. नंतर आठ-दहा दिवसांनी अजून एक फेरी, आणि काढणीच्या आधी शेवटची.

सोबत जुन्या प्लॅस्टिक पिशव्या आणि विळा. काणीचं कणीस दिसलं की आधी पिशवी कणसावर चढवा, तोंड मुठीत धरा, मग खालून कापा. बहुतेक जण आधी खुडतात, हातात घेऊन झटकून बघतात, बांधापर्यंत काखेत घेऊन येतात, म्हणजे भुकटी सगळ्या वाटेवर पेरत येतात. सकाळी दव असताना केलं तर भुकटी कमी उडते.

कापलेली कणसं रानाबाहेर नेऊन जाळा. उकिरड्यावर टाकायची नाहीत, गव्हाणीत टाकायची नाहीत, बांधाच्या कडेलाही नाहीत. शेणखतातून तीच भुकटी परत रानात येते.

हुरड्याला कणसं काढतानाही लक्ष ठेवा, त्यात एखादं काळं निघालं की लोक तिथंच फेकतात.

तांबेरा, म्हणजे पानांवर तांबूस पुटकुळ्या, या फेरीत दिसेल. ज्वारीवर तो उशिरा आला तर कोरडवाहूत त्यावर खर्च करू नका. शेजारी गहू असेल तर मात्र ढगाळ हवा आणि गारव्यात रोज बघा, गव्हावर पहिल्या पुटकुळ्या दिसताच प्रोपिकोनॅझोल लिटरला १ मिली फवारा, गव्हाचा तांबेरा आठवडाभर थांबायला वेळ देत नाही.

## टप्पा ८: काढणी, बियाची मळणी, साठवण

दाणा पक्व झाला की त्याच्या बुडाशी, जिथं तो कणसाला चिकटलेला असतो तिथं, काळा ठिपका येतो. कणसाच्या खालच्या भागातले दाणे काढून बघा, तिथं ठिपका आला की काढायला हरकत नाही. फेब्रुवारीत ढग दिसत असतील तर उगाच उभी ठेवू नका, पक्व कणसावर अवकाळी पाऊस पडला की दाण्यावर गुलाबी-काळी बुरशी धरते, दाणा काळवंडतो आणि मालदांडीला भाव मिळतो तो पांढऱ्या मोत्यासारख्या दाण्यालाच. कणसं भिजलीच तर बुचाड रचू नका, ताडपत्रीवर पातळ पसरून रोज उलथा. बुरसटलेला दाणा चांगल्यात मिसळू नका, खाऊ नका, जनावरालाही घालू नका.

आता बियाचं. सगळी मळणी व्हायच्या आधी, रानाच्या मधल्या भागातून, जिथं आजूबाजूला काणी दिसलेली नाही तिथून, भरदार कणसं निवडून वेगळी काढा. एकरी ४ किलोला शंभर-सव्वाशे कणसं पुरतात. ती मशीनमध्ये घालायची नाहीत, ताडपत्रीवर काठीनं बडवून घरीच मळायची. तासाभराचं काम आहे, आणि मशीन कुणाच्या खळ्यावरून आलंय याची चिंताच उरत नाही.

बाकीच्या मळणीला मशीन येईल तेव्हा चालवणाऱ्याला सांगून ते आधी रिकामं फिरवून घ्या, जाळ्या झाडा.

बी चार-पाच दिवस वाळवा, दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे, ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आला की भरा. पोतं नवीन घ्या. जुनं पोतं उलटं करून झटकलं आणि काळी धूळ पडली तर ते बियाला वापरायचं नाही, चांगल्या बियाला तिथूनही काणी लागते. पोत्यावर वाणाचं नाव, रानाचं नाव आणि मळणीची तारीख लिहा, जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, आणि गंधकाची पुडी आत्ताच आणून त्याच फळीवर, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी, ठेवून द्या.